जुनं पायथन, जुनं ल्युगर: एवढे पैसे नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आज पाचशे-सहाशे डॉलरला नवं, हलकं, सतरा गोळ्यांचं पिस्तूल मिळतं आणि ते वर्षानुवर्षं विनातक्रार चालतं. मग कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या, फक्त सहा गोळ्यांच्या जुन्या पायथन रिव्हॉल्व्हरसाठी लोक काही हजार डॉलर का मोजतात? नुसतं नाव विकलं जातंय का? जोडीला एक छोटा प्रश्नही आहे: मामांकडून वारशाने आलेलं ल्युगर, म्हणजे जुनं जर्मन पिस्तूल, काळपट दिसतंय, पॉलिश करून घेतलं तर त्याची किंमत वाढेल का?

छोट्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर झालेलं नुकसान भरून येत नाही. पॉलिश करू नका. कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नको. कारण पुढे येईलच.

आता मोठा प्रश्न. तीस वर्षांहून जास्त काळ मी जुन्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांची दुरुस्ती करतोय आणि त्यांच्या किमती ठरवून देतोय. दुर्मिळता, इतिहास, नाव ही कारणं सगळेच सांगतात आणि ती खरीही आहेत. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या महागड्या शस्त्रांपैकी बरीचशी अशी असतात की ज्या कारणामुळे ती बनवणं कारखान्याला परवडेनासं झालं, त्याच कारणामुळे ती आज महाग आहेत. ते कारण म्हणजे माणसाच्या हाताचे तास.

एक जुनं उदाहरण घ्या. १९०८ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने एक मोठं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. संग्राहक त्याला ‘ट्रिपल लॉक’ म्हणतात. गोळ्यांचा फिरता सिलिंडर बाजूला उघडता येणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो बंद केल्यावर साधारण दोन ठिकाणी अडकतो, मागे आणि पुढे. या रिव्हॉल्व्हरला त्यांनी तिसरी अडक दिली, सिलिंडरचा आडवा हात जिथे फ्रेमला येऊन मिळतो तिथे. ती इतकी बारीक आणि इतकी नेमकी आहे की आज भिंग लावून बघतानाही माझा हात आपोआप सावकाश होतो. किंमत होती २१ डॉलर. काही वर्षांत कंपनीने ती तिसरी अडक काढून टाकली आणि किंमत १९ डॉलरवर आणली. वाचले ते दोन डॉलर. त्या मूळ ट्रिपल लॉकची संख्या राहिली १५ हजारांच्या आसपास. आज ट्रिपल लॉक आणि त्याच्यानंतरचं साधं मॉडेल शेजारी ठेवा, बाहेरून भावंडं वाटतील, पण किमतीत फार मोठी दरी आहे. गंमत अशी, की त्या तिसऱ्या अडकीवाचून नेमबाजीत काहीच बिघडत नव्हतं. ती गरजेपेक्षा चांगली होती, म्हणूनच गेली.

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. जर्मन सैन्याने १९०८ साली ल्युगर स्वीकारलं आणि १९३८ मध्ये त्याच्या जागी वॉल्थर पी-३८ घेतलं. ल्युगर वाईट होतं म्हणून नव्हे, तर ते बनवायला वेळ आणि पैसा फार लागत होता म्हणून. स्विस सैन्याने १९४९ साली सिग पी-२१० घेतलं. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, फ्रेमच्या बाहेरून पकड घेऊन सरकते. यात ती फ्रेमच्या आतल्या खाचांतून सरकते आणि स्लाइड-फ्रेमची जोडी एकमेकांसाठीच बसवलेली असते. रिकामं पी-२१० हातात घेऊन स्लाइड मागे ओढली की धातूवर धातू घासल्याची जाणीवच होत नाही. १९७५ मध्ये स्विस सैन्याने त्याच्या जागी पी-२२० आणलं. त्याची मूळ स्लाइड पोलादी पत्रा दाबून, वाकवून केलेली होती, कारण ती बरीच स्वस्त पडायची. मूठ दाबली की सज्ज होणारं हेकलर अँड कोखचं पी-७ त्याच वाटेने गेलं. एक एक भाग यंत्रावर कोरून काढायचा तर खर्च वाढतच जातो, आणि २००८ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं.

आता पायथनकडे येतो, कारण मूळ प्रश्न त्याचाच आहे आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच्यातच गेलाय.

कोल्टने १९५५ साली पायथन आणलं. .३५७ मॅग्नम काडतूस, वर हवेच्या खिडक्यांची पट्टी, नळीच्या खाली टोकापर्यंत जाणारा जाड पोलादी पाट. किंमत १२५ डॉलर. आज हा आकडा वाचून लोक हळहळतात. पण महागाईचा हिशेब केला तर ते आजचे १,४०० डॉलरच्या पुढे जातात. १९३५ साली स्मिथ अँड वेसनने पहिलं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणलं तेव्हाही हेच होतं. प्रत्येक रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बनायचं, सोबत नोंदणीचं प्रमाणपत्र मिळायचं. किंमत ६० डॉलर, आणि तीही महामंदीच्या दिवसांत. आजच्या पैशांत तेही जवळपास तेवढेच भरतात. म्हणजे ही शस्त्रं जन्मापासून महाग होती. पूर्वी सगळं स्वस्त होतं आणि आता व्यापाऱ्यांनी भाव चढवले, ही समजूत मनातून काढून टाका. २०२० साली कोल्टने नव्या रचनेचं पायथन काढलं तेव्हा त्याची किंमत १,४९९ डॉलर ठेवली. महागाई लक्षात घेतली तर ती १९५५ च्या किमतीपेक्षा फार वर नाही.

मग जुन्यातच एवढं काय आहे? दोन गोष्टी आहेत. एक आत आहे, एक बाहेर.

आतली आधी. जुन्या पायथनची यंत्रणा कोल्टच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रचनेवर उभी आहे. चाप ओढला की एक छोटा पोलादी पंजा सिलिंडरला ढकलून गोळीचं पुढचं घर नळीसमोर आणतो आणि खालून एक खुंटी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते. इथपर्यंत सगळ्या रिव्हॉल्व्हरचं सारखंच. पण कोल्टच्या रचनेत चाप पूर्ण ओढलेला असेपर्यंत तो पंजा सिलिंडरला दाबतच राहतो. गोळी सुटण्याच्या क्षणी सिलिंडर एका बाजूने खुंटीवर आणि दुसऱ्या बाजूने पंज्यावर दाबून घट्ट झालेला असतो.

माझ्याकडे पायथन आलं की मी आधी ते रिकामं आहे ना हे दोनदा बघतो. मग डावा अंगठा सिलिंडरवर किंचित टेकवतो, ब्रेक लावावा तसा, आणि घोडा अगदी हळू मागे घेतो. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी खुंटी खाचेत बसल्याचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. सहाही घरांना. एका जरी घराला घोडा आधी अडकला आणि सिलिंडर मागे राहिला, तर पंजा झिजलाय. नंतर चाप ओढून घोडा सावकाश खाली सोडतो, चाप तसाच दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर हलवून बघतो. चांगलं पायथन असेल तर तो हलतच नाही. फ्रेमसकट एकच पोलादी ठोकळा असल्यासारखा लागतो. दुसऱ्या चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये इथे किंचित खुळखुळ असते, तो दोष नव्हे, रचनाच तशी असते. पण हा फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही.

हा घट्टपणा आपोआप येत नाही. पंजाची लांबी, खुंटीचं टोक, खाचेची कड, चापाचा कोन, सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. कारखान्यात एक माणूस बसून थोडी कानस मारायचा, जोडून बघायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा कानस. जास्त घासलं गेलं तर तो भाग बाद. दोन पायथनांचे पंजे अदलाबदल करून चालतीलच याची खात्री नसते. याच्या अगदी उलट टोकाला १९८२ सालचं ग्लॉक १७ आहे: अवघे ३४ भाग, साच्यात ओतलेली प्लॅस्टिकची फ्रेम, आणि कुठल्याही पिस्तुलाचा भाग कुठल्याही पिस्तुलात बसतो. अभियांत्रिकी म्हणून मला ग्लॉकबद्दल मनापासून आदर आहे. हाताचे तास शून्याजवळ आणायचे हेच तर त्याचं ध्येय होतं. पण तुम्ही विचारलंत की किमतीत फरक का, तर तो फरक इथे आहे.

या नाजूक रचनेची दुसरी बाजूही सांगतो. पायथनचा पंजा झिजतो. खूप गोळ्या झाडल्या, त्यातही घाईघाईने चाप ओढत झाडल्या, की जुळणी सुटते. ती परत आणणारे हात आता कमी उरलेत, त्यामुळे न झिजलेलं पायथन आणखी महाग होतं.

बाहेरची गोष्ट म्हणजे तो निळा रंग. कोल्ट त्याला ‘रॉयल ब्लू’ म्हणायची. हा रंग म्हणजे लेप नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या क्षारांचं द्रावण साधारण १४० अंश सेल्सिअसला तापवून त्यात पोलाद बुडवलं, की पृष्ठभागावर काळ्या आयर्न ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हे रसायन कुणालाही जमतं. चमक त्या रसायनात नसतेच, ती खालच्या पोलादात असते. बुडवण्याआधी एकाहून एक बारीक दाण्याच्या चाकांवर पोलाद घासत न्यावं लागतं, आणि प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण काढले पाहिजेत. ते करताना धारदार कड गोल होता कामा नये, सपाट बाजू खोलगट होता कामा नये, स्क्रूच्या भोकाची कडा बसता कामा नये. चाकावर एक क्षण जास्त रेंगाळलात तर संपलं. हे काम शिकायला वर्षं लागायची.

तपासायची सोपी रीत सांगतो. दिव्याच्या लांब नळीखाली उभे राहा आणि पायथनच्या बाजूच्या सपाट भागावर त्या दिव्याचं प्रतिबिंब पाडा. रिव्हॉल्व्हर हळूहळू फिरवा. मूळ काम असेल तर प्रकाशाची रेघ ओळंब्यासारखी सरळ सरकत जाते. नंतर कुणी चाकावर घासलेलं असेल तर ती रेघ पाण्यावर पडल्यासारखी वाकडीतिकडी होते. या एका चाचणीने मी लोकांचे हजारो डॉलर वाचवलेत.

कोल्टच्या कारखान्याचा इतिहासही यात आला. १९८६ ते १९९० असा चार वर्षं कामगारांचा संप चालला, १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. नियमित उत्पादन १९९९ मध्ये थांबलं, मागणीनुसार थोडी बनत राहिली, तीही २००५ च्या सुमारास संपली. उत्पादन थांबलं की उरलेल्या प्रत्येक नगाकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागतात. दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय मालिकांत पायथन दिसायला लागलं, नवे खरेदीदार आले आणि भाव चढले, हेही खरं. पण नुसत्या पडद्यावरच्या हवेवर चढलेला भाव इतकी वर्षं टिकत नाही.

सगळीच महागडी शस्त्रं कारागिरीमुळे महाग असतात असं मात्र नाही. काहींच्या बाबतीत निव्वळ संख्येचा खेळ असतो. शिवणयंत्रं बनवणाऱ्या सिंगर कंपनीला अमेरिकन सरकारने १९४० साली एक प्रायोगिक काम दिलं होतं: सैन्याची ५०० एम-१९११ए१ पिस्तुलं बनवून दाखवा, म्हणजे युद्ध आलंच तर कुठला कारखाना काय करू शकतो ते कळेल. सिंगरने ती उत्तम बनवली. मग सरकारने त्यांना तोफांच्या नेमसाधनांसारखं जास्त अवघड काम दिलं आणि पिस्तुलं तिथेच थांबली. ती ५०० पिस्तुलं युद्धात वापरली गेली, बरीच हरवली, बरीच नंतर रंगवली-दुरुस्त केली गेली. २०१७ मध्ये त्यातलं एक ४ लाख १४ हजार डॉलरला गेलं. त्याच नमुन्याची पिस्तुलं दुसऱ्या कारखान्यांनी लाखोंनी बनवली. हातात घेतलीत तर चापाच्या ओढीत किंवा नेमात असा काही फरक नाही की ज्याला लाखभर डॉलर द्यावेत. पैसे त्या ५०० या आकड्याचे, आणि त्यातही जे न बदललेलं उरलं त्याचे.

१८४७ सालच्या कोल्ट वॉकरचंही तसंच. साधारण १,१०० बनली, वजन दोन किलोच्या घरात, आणि सिलिंडरमध्ये इतकी दारू मावायची की काही सिलिंडर फुटले. जी फुटली नाहीत ती मेक्सिकोच्या युद्धात आणि सरहद्दीवर घासून-पुसून गेली. त्यामुळे २०१८ मध्ये मूळ पेटीसकट जपलेलं एक वॉकर १८ लाख ४० हजार डॉलरला विकलं गेलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. पेटीसकट, हा शब्द महत्त्वाचा.

आणि मग येतात ती शस्त्रं, ज्यांची किंमत पोलादात नसतेच. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ मध्ये कुख्यात गुन्हेगार बिली द किडला ज्या कोल्टने मारलं, ते २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. तसलंच कोल्ट, त्याच काळातलं, त्या इतिहासाशिवाय, या रकमेच्या आसपासही फिरकत नाही. इथे किंमत कागदांची असते: मालकीची साखळी, पत्रं, जुनी छायाचित्रं. ‘आमच्या आजोबांनी सांगितलं होतं’ एवढ्यावर बाजार एक पैसा जास्त देत नाही, मग ते कितीही खरं असो. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं, पण ते तसंच आहे.

भाव नेहमी वरच जातात हा आणखी एक गैरसमज. अमेरिकन सैन्याच्या १९०७ च्या चाचण्यांसाठी .४५ काडतुसाची मोजकी ल्युगर बनली होती. त्यातलं एक १९८९ मध्ये १० लाख डॉलरला विकलं गेल्यामुळे जगभर गाजलं. तेच पिस्तूल २०१० मध्ये लिलावात ४,९४,५०० डॉलरला गेलं. म्हणजे एकवीस वर्षांनी निम्मं, आणि महागाई धरली तर त्याहूनही कमी. गुंतवणूक म्हणून जुनी पिस्तुलं घेऊ का असं मला कुणी विचारलं की मी हा एकच दाखला देतो.

कायद्याचाही भावावर परिणाम होतो, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने आयात पिस्तुलांना आकाराच्या अटी लागल्या आणि वॉल्थर पीपीके हे छोटं पिस्तूल त्यात बसेना. कंपनीने पीपीकेची स्लाइड आणि नळी आपल्याच थोड्या उंच पीपी पिस्तुलाच्या फ्रेमवर बसवली आणि पीपीके/एस जन्माला आलं. त्यामुळे आधी आयात झालेल्या खऱ्या पीपीकेंना तिथे वेगळाच भाव मिळाला. तसंच १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पुराणवस्तू मानली जातात, म्हणून जन्मवर्षाच्या एका आकड्याने भाव बदलतो. तुम्ही जिथे असाल तिथले नियम आधी बघा, मग भाव बघा.

आता मामांच्या ल्युगरकडे.

ल्युगरवर क्रमांकांची अक्षरशः शिंपण असते. पूर्ण क्रमांक फ्रेमवर, नळीवर आणि नळी जिच्यात बसते त्या भागावर. आणि लहानसहान भागांवर, चापावर, सेफ्टीच्या खिट्टीवर, बाजूच्या पट्टीवर, त्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. हे सजावटीसाठी नव्हतं. भाग हाताने जुळवलेले असल्यामुळे साफसफाईच्या वेळी दहा पिस्तुलं एकत्र खोलली तर कुणाचं काय ते कळायला हवं, म्हणून. पुन्हा तेच हाताचे तास. आज हे सगळे क्रमांक जुळणारं ल्युगर आणि एक-दोन भाग बदललेलं ल्युगर यांच्या किमतीत मोठं अंतर पडतं, आणि मॅगझिनवरचा, म्हणजे गोळ्यांच्या काढत्या-घालत्या पेटीवरचा, क्रमांकही जुळला तर आणखीच वर.

रंगाचंही तसंच. १९३७ च्या सुमारापर्यंतच्या ल्युगरांवर निळाई जुन्या पद्धतीची असायची: पोलादावर मुद्दाम बारीक गंज आणायचा, तो उकळत्या पाण्यात काळा करायचा, तारांच्या ब्रशने साफ करायचा, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा. चाप, सेफ्टीची खिट्टी, मॅगझिनचं बटण असे काही छोटे भाग वेगळे तापवून त्यांना वाळक्या गवतासारखा पिवळट सोनेरी रंग आणलेला असायचा. त्या पिवळटपणाच्या खुणा कोपऱ्यांत जरी उरल्या असल्या, तरी जाणकाराचा चेहरा खुलतो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ मखमली कापडात गुंडाळलेलं ल्युगर घेऊन आले. वडिलांची आठवण. मला दाखवण्याआधी त्यांनी एका कार्यशाळेतून ते ‘नव्यासारखं’ करून आणलं होतं आणि त्यासाठी चांगले पैसे मोजले होते. कापड उघडलं तर पिस्तूल आरशासारखं काळं चमकत होतं. चाप काळा, खिट्टी काळी. बाजूच्या पट्टीवरचे दोन आकडे चाकावर घासून इतके पुसट झाले होते की दिवा तिरपा धरल्यावर जेमतेम दिसले. नळीच्या मागच्या भागावरची धारदार कड साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. पुसट निळाईखाली पूर्वी असलेला एक छोटा खड्डा आता रंगाखाली बुजल्यासारखा दिसत होता. गंजाच्या खड्ड्यावरून निळाई गेली असेल तर ती नंतर झालेली, हे नवशिक्यालाही कळतं. सगळे क्रमांक जुळत होते. न घासता आणलं असतं तर मी जो आकडा सांगितला असता, त्याच्या निम्माही मला सांगता आला नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला वाटलं, मी बाबांची वस्तू नीट ठेवतोय.” त्यांचा हेतू चांगलाच होता. म्हणून मी कुणीही विचारलं की आधी ‘पॉलिश नको’ एवढंच सांगतो.

अशा घासलेल्या शस्त्रांवर पुढे खोट्या खुणा ठोकणारेही आहेत. ल्युगरवर दुर्मिळ तुकड्यांचे शिक्के, घोडदळाच्या जुन्या कोल्टवर तपासनिसाची आद्याक्षरं, बदलून मारलेले क्रमांक. घोडदळाच्या साडेसात इंची नळीच्या कोल्टचंच बघा. १८९५ नंतर अमेरिकन सैन्याने त्यातल्या बऱ्याच परत घेऊन साडेपाच इंचांवर कापल्या आणि दुरुस्त करताना भागांची सरमिसळ केली. त्यामुळे न कापलेली, न मिसळलेली थोडी उरली. जिथे खरी थोडी, तिथे खोटी जास्त. आकड्याचा ठसा जुना असेल तर त्याच्या खाचेच्या कडा आजूबाजूच्या निळाईइतक्याच झिजलेल्या असतात. झिजलेल्या पृष्ठभागावर टवटवीत धारेचा आकडा दिसला तर मी तिथेच थांबतो. मोठी रक्कम जाणार असेल तर कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत जुन्या नोंदींवरून मिळणारं पत्र मागवा. ते शस्त्र कारखान्यातून कधी, कुठल्या रूपात आणि कुणाकडे गेलं ते त्यात येतं. निकेलचं म्हणून विकायला आलेलं रिव्हॉल्व्हर नोंदीत निळं निघालेलं मी अनेकदा पाहिलंय.

आणि भाव बघताना विक्रेत्याने लावलेला आकडा बघू नका, प्रत्यक्ष विक्री कितीला झाली ते बघा. मागितलेल्या किमती वर्षानुवर्षं तशाच टांगलेल्या राहतात.

तुम्हाला फक्त नेमबाजी करायची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: जुनं पायथन घेऊ नका. नवं घ्या. त्याची यंत्रणा सोपी आणि दणकट आहे, भाग कमी आहेत, आणि शनिवार-रविवार शेकडो गोळ्या झाडल्या तरी तुमच्या पोटात गोळा येणार नाही. जुन्यातही कुणीतरी आधीच पुन्हा निळं केलेलं पण यंत्रणा ठणठणीत असलेलं मिळालं तर खुशाल घ्या. संग्राहक ज्याच्याकडे पाठ फिरवतो, ते वापरणाऱ्यासाठी सोन्यासारखं असतं. माझं रोजच्या सरावाचं रिव्हॉल्व्हर असंच आहे.

मामांच्या ल्युगरसाठी मात्र एवढं करा. कागदपत्रं आणि परवाना नीट असल्याची खात्री झाली की ते रिकामं आहे ना हे जाणकाराकडून बघून घ्या. मऊ सुती कापडाला तेलाचा थेंब लावून वरवर पुसा, हाताचा घाम पोलादावर राहू देऊ नका. तारेचा ब्रश, सँडपेपर, गंज काढायची द्रावणं यातलं काही नको. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार ओलावा धरतात आणि पोलाद खातात. म्यान जुनं असेल तर ते फेकूही नका, वेगळं ठेवा, त्यालाही भाव आहे. चांगल्या उजेडात प्रत्येक क्रमांकाचं जवळून छायाचित्र काढा, चापाच्या आणि खिट्टीच्या कोपऱ्यांत पिवळटपणा दिसतो का ते बघा. आणि मामांच्या अडगळीत जादा मॅगझिन, स्क्रूचं छोटं चपटं हत्यार किंवा एखादा जुना कागद राहिलाय का, ते घर आवरून होण्याआधी शोधा.